काकीच्या स्वप्नातला वाघ

आमच्याकडे स्वप्नांचे दोनच नियम. वाईट स्वप्न पडलं तर उठल्याबरोबर, कुणाशी एक शब्द बोलायच्या आधी, ते वाहत्या पाण्याला सांगून यायचं. पाणी ते घेऊन जातं. आणि चांगलं पडलं तर कुणालाच सांगायचं नाही. सांगितलं की ते फळत नाही. वाईट ते पाण्याला आणि चांगलं ते पोटात. अशा गावात "तुम्हाला कसली स्वप्नं पडतात?" असं विचारत दारोदार फिरायचं, आणि वर उत्तराची अपेक्षा ठेवायची, हा उद्योग मी बीएच्या शेवटच्या वर्षाला केला.

कॉलेज ओतूरला आणि आमची वस्ती ओझरच्या अलीकडे, नदीच्या अंगाला. एक एसटी नारायणगावपर्यंत, तिथून दुसरी ओतूरला. मानसशास्त्राच्या मॅडमनी दिवाळीनंतर प्रकल्पाचे विषय वाटायला घेतले तेव्हा माझी पहिली गाडी चुकली होती, म्हणून मी वर्गात पोचेपर्यंत मोबाईलचं व्यसन, परीक्षेचा ताण, सासू-सून संबंध असे सगळे सोपे विषय गेलेले. मी म्हटलं, "स्वप्नं." मॅडम म्हणाल्या, "म्हणजे करिअरची?" मी म्हटलं, "नाही, झोपेतली." वर्ग हसला. वर्ग हसल्यावर विषय बदलायचा ही गोष्ट माझ्याकडून होण्यासारखी नव्हती.

खरं म्हणजे विषय माझ्या डोक्यात आधीपासून होता, आणि तो काकीमुळे होता.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. एकाच अंगणात आमची दोन घरं, समोरासमोर. काकीचा मुलगा चाकणला कंपनीत कामाला, त्यामुळे त्या घरात ती आणि काका दोघंच. काकीला घरात बसणं कधीच जमलं नाही. भाकरी तव्यावर टाकली तरी लक्ष बाहेर, म्हणून तिच्या भाकरीला एक बाजू कायम करपलेली असायची. पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्यांशी भांडायला काका नाही, ती जायची. बांधाला कुणी एक ओळ जास्त नांगरली तर ते तिला लांबूनच दिसायचं. शेत नावावर काकांच्या होतं, पण गावात सगळे "काकींचं रान" म्हणूनच ओळखायचे.

मग तो प्रकार झाला. पाटापलीकडे आमचा हत्तीगवताचा तुकडा आहे, त्याला लागून ऊस. काकी भरदुपारी गवत कापत होती, खाली बसून. बसलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं म्हणतात. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. पुस्तकात त्याला काहीही म्हणोत. त्यानं मागून उडी घातली. शेजारच्या रानातल्या बायकांनी आरडाओरडा केला, पाटीवर खुरपी वाजवली, तेव्हा तो उसात गेला. काकीच्या खांद्याला टाके पडले, इंजेक्शनं झाली, खांदा बराही झाला. पण त्यानंतर दोन वर्षं काकी पाटाच्या पलीकडे गेली नाही.

ती घरात बसून लसूण निवडायची, गोधड्या शिवायची, दुपारी हिंदी मालिका बघायची. भांडी घासूनघासून आरशासारखी झाली. भाकरी दोन्ही बाजूंनी सारखी भाजली जायला लागली. पाहुणे कौतुक करायचे आणि मला ते कौतुक सहन व्हायचं नाही.

रोज सकाळी मात्र ती उठून न बोलता घरामागच्या पाटावर जायची, थोडा वेळ उभी राहायची आणि परत यायची. त्या वेळी तिला कुणी हाक मारत नसे. पाण्याला सांगायला निघालेल्या माणसाला अडवायचं नसतं. काका आम्हाला आधीच सांगून ठेवायचे, "नका बोलू तिला. झोपंत लई दचकती. वाघ दिसतो तिला." त्यामुळे काकीच्या स्वप्नात काय आहे हे आमच्या घराला, वस्तीला आणि ओझरच्या निम्म्या दुकानदारांना माहीत होतं.

पुस्तकात मी वाचलं होतं की भीतीला शब्द मिळाले की ती कमी होते. माझा बेत साधा होता. काकीकडून ते स्वप्न एकदा बोलून घ्यायचं, भीती उतरेल, आणि ती पुन्हा रानात जाईल. मार्क मिळाले तर हवेच होते. पण मला काकी पूर्वीची हवी होती, भांडखोर आणि करपलेल्या भाकरीची. दुसरं काही मी त्या वर्षी इतकं मनापासून मागितलं नाही.

म्हणून पहिला प्रश्न तिलाच विचारला. ती सुपात तूर पाखडत होती.

"मला न्हाई पडत सपान," ती म्हणाली.

"मग रोज सकाळी पाटावर कशाला जातेस?"

"तोंड धुवाया."

नळ अंगणातच होता, तिच्या पाठीशी. मी नळाकडे बघितलं, तिनंही बघितलं आणि पुन्हा तूर पाखडायला लागली. मी ठरवलं, आधी बाकीच्यांचं घेऊ, ही मागून येईल.

बाकीच्यांनीही मला चांगलंच खेळवलं. एक म्हणाली, "आमी पडलो की मेलो, सपनाला येळ कुठं?" दुसरीनं चहा पाजला, माझं लग्न कुठं जमतंय का ते विचारलं आणि वाटेला लावलं. तिसरी स्वप्न सांगेना, पण अर्थ मात्र सांगायला बसली: स्वप्नात मढं दिसलं तर चांगलं, त्या माणसाचं आयुष्य वाढतं, लग्न दिसलं तर वाईट, दात पडला तर फारच वाईट, साप दिसला तर देवाचं काहीतरी करायचं राहून गेलंय. मी म्हटलं, "आणि तुम्हाला यातलं काय दिसलं?" ती म्हणाली, "मला कशाला काय दिसंल?"

असा आठवडा गेला. मॅडमना काय दाखवायचं या काळजीत मी होते, आणि एका सकाळी शेजारची एक बाई आपण होऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "लिव. मला वाघ दिसला." मी आनंदानं उडालेच. तिच्या मागून तिची जाऊ आली. तिलाही वाघ. दुपारी वरच्या आळीच्या तिघी आल्या, संध्याकाळी आणखी. सगळ्यांना वाघ. एकीला एक, एकीला पिल्लांसकट. ज्या बाईला स्वप्नाला वेळ नव्हता, तिला तर लागोपाठ तीन रात्री दिसलेला.

मी दोन दिवस हवेत होते. एका गावाच्या झोपेत एकच प्राणी, असं मोठं वाक्य मी प्रकल्पासाठी तयारही करून ठेवलं. पारगावला मावशी राहते, तिकडे कारखाना, सगळा उसाचा पट्टा. तिथेही विचारून यावं म्हणून रविवारी गेले. मावशीच्या दारात बायका माझी वाटच बघत होत्या. बातमी फोननं माझ्याआधी पोचली होती. तिथेही वाघ.

पण परत आल्यावर वस्तीत तपशील जरा विचित्र यायला लागले. एकीनं वाघ कुठून आला, कुठे गेला, हे दिशेसकट सांगितलं. दुसरी म्हणाली, "आमच्या रानात दिसला. गट नंबर सांगते, लिवून घे." मी म्हटलं, "स्वप्नातल्या रानाचा गट नंबर?" ती म्हणाली, "मग? उद्या दुसऱ्याच्याच रानात न्यायचा कुणी तरी." आणि शेवटी एक म्हातारी बाई माझा हात धरून म्हणाली, "आन शेळी नेली ते बी लिव बाय. पंचनामा व्हायचा राहिलाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उलगडा असा झाला: दूध डेअरीवर कुणीतरी मला कागद घेऊन फिरताना पाहिलं होतं, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र निळ्या पट्टीला लावलेलं. गळ्यात पट्टीचं कार्ड म्हणजे सरकारी माणूस. काकीवर हल्ला झाल्यापासून वस्तीला वनखात्याचा वाघ धरायचा पिंजरा हवा होता. पिंजरे थोडे आणि मागणारी गावं फार. पोरगी वाघाचं लिहून घेतेय, ते फॉरेस्टकडे जाणार, जिथं वाघ जास्त तिथं पिंजरा आधी. मग काय, वस्तीनं एकजुटीनं स्वप्नं बघितली. ग्रामसभेला इतकी एकजूट मी कधी पाहिली नव्हती.

मी रडकुंडीला येऊन मॅडमकडे गेले. त्यांनी गट नंबरापर्यंत ऐकलं आणि मग त्यांना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसले. मला राग आला होता. माझी इतक्या दिवसांची मेहनत आणि यांना हसू येतंय. मग त्या म्हणाल्या, "हे फेकून देऊ नकोस. स्वप्नं बनावट असली तरी भीती बनावट नाही, ती प्रकल्पात लिही. पण लोकांना स्पष्ट सांग की तुझ्या हातात पिंजरा नाही. आणि मग परत विचार. काही मिळणार नाही हे कळल्यावर माणसं काय सांगतात, ते बघ."

संध्याकाळी दूध घालायला सगळ्या डेअरीवर येतात, तिथेच मी उभी राहून सांगितलं. की मी फॉरेस्टची नाही, हे कॉलेजसाठी आहे, याच्यावर पिंजरा येणार नाही. पिंजऱ्याचा अर्ज वेगळा करायचा असतो, तो मी लिहून देईन. मग गट नंबरवाली म्हणाली, "म्हंजी आमची नुसती सपनंच पायजेत तुला?"

"हो."

"त्यात काय हाय?"

"तेच बघायचंय."

ती खो-खो हसली, मग दुसरी हसली. आणि तिथंच, किटल्या खाली ठेवून, एकेक सुरू झाल्या. गट नंबरवालीला खरं स्वप्न पडायचं ते नारायणगावच्या बाजारात अनवाणी हरवल्याचं. चप्पल शोधत ती सगळ्या गाळ्यांतून फिरते आणि गाळेवाले तिला टोमॅटोचा भाव विचारतात. एकीची मेलेली सासू रोज चहा मागते आणि डब्यात साखर नसते. एक नवी सून शाळेच्या खो-खोच्या संघात असते, पाठीवर थाप पडते आणि ती पळत सुटते. ती हे सांगत असताना तिच्या सासूनं तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. एकीला माहेरचा फोन वाजताना ऐकू येतो आणि फोन सापडत नाही. वाघ होता, नव्हता असं नाही, पण एखाद्या कोपऱ्यात. वस्तीच्या झोपेत जास्त करून साध्या बायका होत्या, कुठेतरी जायला निघालेल्या. मला त्या दिवशी वस्ती फार आवडली. इतकी वर्षं या बायकांच्या पुढून-मागून वावरत होते आणि त्यांच्याशी मी भाजीपाल्यापलीकडे बोललेच नव्हते.

डेअरीवरची हकीगत आईनं घरी येऊन अंगणात सांगितली. काकी ओट्यावर बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिहीत बसले होते. काकी आली, माझ्या शेजारी बसली, पदरानं घाम पुसला. घाम आलेला नव्हता.

"समद्यांचं लिवलंस," ती म्हणाली. "माझं न्हाई इचारलं."

"विचारलं होतं. तू तोंड धुवायला जातेस म्हणालीस."

"बरं, लिव आता." तिनं दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "मी गवतात हाय. ऊन पडलंय, पण कवळं. गवत वलं हाय आन इळा असला धारंचा, नुसता लावला की कापतोय. कुणी हाका मारत न्हाई, कुणी बस म्हणत न्हाई. मी आपली कापते, कापते. मग भारा बांधते. हा एवढा. डोक्यावं घेते तर हलका लागतो. आन घराकडं येते. बास, एवढंच."

मी थांबले. पुढे काही येईल म्हणून वाट बघितली. मग विचारलं, "आणि वाघ?"

"कुठला वाघ?"

"तो येत नाही?"

"सपनात कशाला येईल? खऱ्यात आला व्हता एकदा, तेवढं पुरं."

"मग तू झोपेत दचकतेस ते?"

"मी?" काकीला खरंच आश्चर्य वाटलं. "मला तर उटूच ने वाटतं."

"आणि पाटावर रोज काय सांगतेस पाण्याला?"

"पाण्याला काय सांगायचंय? तिथनं गवत दिसतं आपलं. तुजा काका आन तुजा बाप कसलं कापत्यात ते बघितलंस का कदी? ईतभर बुडखं वर ठेवत्यात. बुडापासनं कापाया नको? आन गाजरगवत माजलंय ते येगळंच."

दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी तिच्या स्वप्नात वाघ बघितला होता, आणि ती तिथे गवत कापत होती. वाईट स्वप्न पाण्याला सांगतात हे आम्हाला इतकं पक्कं माहीत होतं की ती पाण्याकडे नाही, पाण्याच्या पलीकडे बघतेय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मला रडू आलं, आणि रागही आला. तिच्यावर नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला मायेनं कोंडून घातलं होतं आणि वर तिला जपतोय म्हणून स्वतःवर खूश होतो.

"अगं, मग सांगितलं का नाहीस कधी?"

"सुरवातीला म्हणलं की, रानात जाते. तर तुजी आय रडली, काका जेवला न्हाई. मग गप बसले. आन सपान चांगलं व्हतं. चांगलं सांगू ने. सांगितलं तर फळत न्हाई."

"आता मग कसं सांगितलंस?"

काकीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू इतकं शिकून तुला हेही कळू नये.

"न सांगून दोन वर्सं झाली. फळलं का? आता सांगून बघते."

संशोधनात असा दंडक असतो की ज्याचं त्याला विचारूनच लिहायचं. मी विचारलं, हे प्रकल्पात घालू का? तुझं नाव येणार नाही. ती म्हणाली, "घाल की. पर आदी तुज्या काकाला वाचून दाव."

"तूच सांग ना त्यांना."

"मी सांगितलं की बायको बोलती. तू वाचलंस की कालेज बोलतंय."

मी हसले, पण काकांपुढे हे वाचायचं म्हणजे अवघड होतं. काका तापट नाहीत. तापट असते तर सोपं झालं असतं. ते न बोलणारे. काकीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची घरात कुणाची छाती नव्हती, कारण वादाला ते उत्तरच देत नसत, जेवण टाकत.

रविवारी सकाळी, न्याहारी झाल्यावर, काका अंगणात ठिबकच्या नळ्या जोडत बसले होते. मी म्हटलं, "काका, माझा प्रकल्प वाचून दाखवू का? मॅडमनी घरच्यांना दाखवायला सांगितलंय." हे खोटं होतं, पण मॅडमनी सांगितलंही असतं. ते म्हणाले, "वाच." मी पुस्तकी भाषेत वाचायला लागले. सहभागी स्त्री, वय पंचेचाळिशीच्या पुढे, पूर्वी वन्यप्राण्याचा हल्ला. स्वप्नात ती शेतात गवत कापताना दिसते. स्वप्नात भीतीचा अंश आढळत नाही. जाग आल्यावर पुन्हा झोपावंसं वाटतं. स्वप्नाचा सूर इच्छेचा आहे.

काका नळी फुंकून साफ करत होते. "कुठलं गवत?" त्यांनी विचारलं.

"पाटापलीकडचं."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाई पटत मला. रोज दचकून उटती ती."

"ती नाही उठत, काका. ती म्हणते तिला उठूच नये वाटतं."

काकांनी नळी खाली ठेवली, उचलली, परत ठेवली. मला वाटलं आता हे उठून जाणार. पण ते म्हणाले, "बायांचंच लिवलंस व्हय?"

"पुरुषांनी कुणी काही सांगितलंच नाही."

"इचारलं कुणी?"

विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला काय दिसतं, काका?"

ते बराच वेळ त्या नळीच्या भोकांवरून अंगठा फिरवत राहिले. मग सांगायला लागले, तेही नळीलाच सांगावं तसं. "मी नदीवं, मोटरीपाशी. हिची हाक येती. मी निघतो. तर पाय उचलत न्हाईत. चिखलात रुतल्यावाणी. हाक येतच राहती. मग बंद व्हती. मग मला जाग येती."

हे कुठून आलं ते मला माहीत होतं. त्या दिवशी दुपारी लाईट आली म्हणून काका नदीवर मोटर चालू करायला गेले होते. मोटरीच्या आवाजात त्यांना काही कळलं नाही. ते आले तेव्हा काकीला बाजेवर घालून रस्त्याकडे न्यायला लागले होते. नवरा सगळ्यांत शेवटी पोचला. यावरून त्यांना कुणी शब्दानं दुखावलं नव्हतं.

"काकीला सांगितलंत कधी?" मी विचारलं.

"रोज मोटरीवं गेलो की नदीला सांगतो. जात न्हाई."

म्हणजे दचकून उठणारे काका होते. वाघ तर त्यांच्याही स्वप्नात नव्हता. आमच्या दोन्ही घरांत तो कुणाच्याच झोपेत नव्हता. पुस्तकात वाचलेलं एकही वाक्य त्या अंगणात उपयोगाचं नव्हतं.

काकी दारात उभी होती. हाताला पीठ. तिनं सगळं ऐकलं होतं; ऐकायलाच ती उभी राहिली असणार.

"काय हाक मारते मी?" तिनं विचारलं.

काकांनी मान वर केली. "आँ?"

"सपनात. काय म्हणते?"

काका अवघडले. पुतणीसमोर हे सगळं. "अवो म्हणतीस. आनखी काय म्हणशील."

काकी अंगणात आली. पिठाचा हात तसाच अंतरावर धरून त्यांच्या पुढ्यात खाली बसली. "मी त्या दिशी हाक मारलीच नव्हती," ती म्हणाली. "आवाजच फुटला न्हाई मला. दातखीळ बसली व्हती. त्या बाया वरडल्या, मी न्हाई. तुमी बांधावं जरी असता तरी ऐकू आलं नसतं तुमाला."

काका तिच्याकडे बघत राहिले. "हाकच न्हाई मारली?"

"न्हाई."

मला तिथं बसणं जड झालं. मी माझे कागद उचलून आमच्या घरात गेले. खिडकीतून बघितलं नाही असं म्हणणार नाही. ते दोघं बराच वेळ बसले होते, बोलत होते की नाही ते कळलं नाही. त्या दिवशी काकीची भाकरी करपली आणि काका ती निमूट जेवले.

पुढे प्रकल्पाचं सादरीकरण झालं. काकांच्या परवानगीनं मी दोन्ही स्वप्नं शेजारीशेजारी ठेवली होती, आणि पिंजऱ्याची स्वप्नंही वेगळी काढून घातली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुमचा निष्कर्ष काय?" मी म्हटलं, "एका माणसाच्या स्वप्नाबद्दल दुसऱ्यानं सांगितलं असेल, तर ते सांगणाऱ्याचं असू शकतं. त्यामुळे दोघांना विचारावं." त्यांनी मान डोलावली, मॅडम मागे बसून हसत होत्या. आता मी पुण्यात एमए करतेय, आणि पुरुषांनाही विचारते.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाचं. मी कॉलेजला दांडी मारली होती. ऊन चांगलं वर आल्यावर काकी घरातून निघाली. कमरेला पदर खोचलेला, हातात विळा. मागे काका, हातात काठी आणि वाजवायला एक स्टीलचं ताट, खिशात मोबाईल, त्यावर मोठ्यानं भजन लावलेलं. आई दारात उभी होती; तिचे डोळे भरून आले होते, पण ती अडवायला गेली नाही. काकीनं पाटावरच्या फरशीवर पाय ठेवला, एकदा थांबली आणि पलीकडे गेली. मी पाटाच्या अलीकडे बसले.

तिनं आधी बुडखे बघून काकांना आणि माझ्या वडलांना नावं ठेवली. मग गवताच्या कडेला खाली बसली आणि कापायला लागली. काका बांधावर उभे, नजर उसाकडे, हातात काठी इतकी घट्ट धरलेली की लांबून दिसत होती. काकी थोडी आत सरकली तशी ती गवतात दिसेनाशी झाली. काकांनी टाचा उंचावल्या.

"बंद करा ते मोबाईलचं," गवतातून आवाज आला.

"असू दे की. आवाज असलेला बरा."

"बंद करा म्हणते ना."

त्यांनी बंद केलं. विळ्याचा खसखस आवाज तेवढा राहिला. तोही मधे थांबला आणि काकांचा चेहरा बदलला. तेवढ्यात काकीनं हाक मारली. "अवो."

"ओ," काका म्हणाले, आणि चार पावलं धावत पुढे आले.

"काय न्हाई. हाय मी."

विळा पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं परत हाक आली, "अवो." परत काकांनी ओ दिली. या वेळी ते धावले नाहीत, पण पुढे आलेले मागेही गेले नाहीत. तिसऱ्या वेळेपर्यंत माझ्या लक्षात आलं की काकीला काहीच हवं नव्हतं. ती भ्याली नव्हती, तिला पाणीही नको होतं, आणि भाराही अजून बांधायचा होता. उन्हं डोक्यावर येईपर्यंत ती गवत कापत राहिली. अधूनमधून ती हाक मारायची आणि काका ओ द्यायचे.